तळ्यातला कार्प

दानुताने गिरमिट गोठलेल्या तळ्याच्या बर्फावर टेकवलं आणि अंगाचा सगळा भार टाकून ते फिरवायला सुरुवात केली. पांढरा भुगा तिच्या बुटांवर साचत गेला. शेवटी पातं गपकन खाली गेलं आणि भोकातून काळं पाणी वर आलं. तिने झाऱ्याने बर्फाचे तुकडे काढून टाकले. हातमोजे घातलेच नव्हते. बोटं निळी पडली होती, पण तिला त्याचं काही नव्हतं.

"हातमोजे घाल, बाई," वाल्देक म्हणाला. तो तिचा शेजारी आणि तिच्या नवऱ्याचा, रिशेकचा, मासे धरण्यातला जन्माचा जोडीदार. "बोटं गळून पडली तर मासे साफ कोण करणार?"

"गळू देत."

नवरा गेल्यापासून तिचं सगळ्याला हेच उत्तर होतं. रिशेक ऑक्टोबरात गेला. दफनाच्या वेळी बायका रडत होत्या आणि दानुता पुष्पचक्रांवरच्या रिबिनी सरळ करत होती. डोळ्यांतून टिपूस नाही. 'दगडाची आहे,' असं मागे कोणीतरी कुजबुजलं, आणि तिला ते खोटं वाटलं नाही.

आज नाताळची आदली संध्याकाळ होती. पहिली चांदणी दिसली की सगळे जेवायला बसणार, आणि ताटात कार्प मासा हवाच. गावातल्या इतर घरांत तो बाजारातून जिवंत येतो आणि सणापर्यंत न्हाणीच्या टबात पोहत राहतो. दानुताच्या घरात मात्र टब कधी अडला नाही. रिशेक दरवर्षी याच दिवशी, याच तळ्यातून कार्प धरून आणायचा. "आई, यंदा कार्पचं काय करायचं?" असं लेकाने, यारेकने, फोनवर चाचरत विचारलं होतं. "तळ्यातलाच असेल," ती बोलून गेली होती. आता शब्द पाळायला हवा होता. शिवाय तो मासा हातात आला तर आत थिजलेलं काहीतरी हलेल, असं तिला वाटत होतं. हे मात्र तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

गळाला रोच मासे लागत होते. तळहाताएवढे, रुपेरी, लाल डोळ्यांचे. बर्फावर दोनदा उडी मारून ते कडक होऊन जात.

"रोचही खरपूस तळले की छान लागतात," वाल्देक म्हणाला.

"कार्प हवाय."

"थंडीत कार्प जरा सुस्त असतो."

"रिशेकच्या गळाला बरा लागायचा!"

"रिशेकची गोष्ट वेगळी." तो आपल्या भोकात उगाचच झारा फिरवू लागला.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? काय ते बोल."

"आधी गाडीतून थर्मास आण. चहा घेऊ, मग बोलतो."

ती थर्मास घेऊन परतली तेव्हा तिच्या भोकाशेजारी भलामोठा कार्प शेपटी आपटत होता.

"बघ! तू गेलीस आणि हा लागला," वाल्देक ओरडला. आवाज नको तेवढा मोठा होता.

दानुता गुडघ्यांवर बसली. तिचा गळ बसायच्या पेटीवर पडला होता, त्यावरची अळी तशीच गोठलेली. तिने माशाचं तोंड दोन बोटांनी उघडलं. ओठ अख्खे होते. रोचच्या प्रत्येक ओठाला गळाचं भोक असतं. इतकी वर्षं दर सणाला कार्पचं डोकं तिने स्वतः रश्शासाठी कापलं होतं, आणि एकाही ओठाला भोक पाहिल्याचं तिला आठवेना.

"रिशेकही बाजारातूनच?" तिने विचारलं.

वाल्देकने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"कार्प थंडीत तळाशी झोपतो, दानुशा. इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. तू पडलीस शहरातली. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात तू सासूच्या कार्पला सगळ्यांदेखत नाक मुरडलंस. म्हणालीस, बाजारच्या माशाला चिखलाचा वास येतो. पुढच्या वर्षी हा वेडा दिवसभर इथे बसला आणि शेवटी बाजारातून घेऊन आला. तू खाल्लास आणि म्हणालीस, तळ्यातला तो तळ्यातला! मग काय, अडकला बिचारा."

"आणि सणापर्यंत ठेवायचा कुठे?"

"माझ्या टबात. बायको दरवर्षी बिनआंघोळीची आणि माझ्या नावाने शंख." त्याने मान खाली घातली. "यंदाही आणला. कोणी सांगितलं नव्हतं. सवयीने आणला."

दानुता हसली नाही की चिडली नाही. तिने पेटीवरचा गळ उचलला, माशाचा ओठ चिमटीत धरला आणि गळ आरपार टोचून काढून घेतला.

"यारेक बघेल," ती म्हणाली. मग रिवाजाप्रमाणे तिने सूचिपर्णी झाडाची एक फांदी भोकात उभी केली, म्हणजे अंधारात कोणाचा पाय आत जाणार नाही. "चल."

संध्याकाळी चांदणी दिसली. पापडीसारखी पवित्र भाकर मोडून सगळ्यांनी एकमेकांना दिली, शुभेच्छा झाल्या. रिशेकचं नाव घेताना सून थांबली, यारेकने खिडकीकडे पाहिलं. दानुताने वाढायला घेतलं. तिचा हात स्थिर होता.

यारेकने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"तोच गं, आई. बाबांचाच. बाजारचा लगेच कळतो."

दानुताने घास तोंडात घातला आणि सावकाश चावला. चिखलाचा वास होता. चांगला उग्र होता, आणि दरवर्षी असायचा तसाच, अगदी तोच होता. ती घास गिळू शकेना. तिने तोंडावर हात दाबला, खांदे हलू लागले, आणि डोळ्यांतून जे पाणी आलं ते थांबेचना.

"आई! काय झालं? काटा लागला का?"

तिने मान हलवली.

"लागला," ती म्हणाली. "लागणारच. तळ्यातल्या माशाला काटे जास्त असतात."