काळं रक्त, पांढरा ठिपका

गौरम्मा आत्याला गप्प बसवणारं माणूस लातुरात अजून जन्मायचं होतं. डाळ मिलमध्ये तिचा आवाज मशीनच्या वर चालायचा. दोन वर्षांपूर्वी छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हा शुद्धीवर येताच तिनं पहिला प्रश्न विचारला होता, "तूर भरली का?"

अशी बाई गेले पंधरा दिवस मुकी झाली होती. नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन सांगितला, तो लातूरला काढला आणि फोटो हलले. त्या धूसर फोटोत दोन पांढरे ठिपके होते. कॅन्सर डोक्यात पसरला, की त्या नुसत्या रक्तवाहिन्या? छातीठोक कुणीच सांगेना. म्हणून आज नांदेड. आत्या, तिचा भाऊ बसवंत म्हणजे दामिनीचे अप्पा, आणि दहावीतली दामिनी. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पण विज्ञान प्रदर्शनात पहिली आल्यापासून दामिनीला बोलावणं लागत नसे.

स्कॅनचे डॉक्टर निवृत्ती सर समजावून सांगायला लागले. "नेहमीच्या फोटोत औषध टोचलं की गाठ चमकते, अन् रक्तवाहिनीपण चमकते. बारकी गाठ त्या गर्दीत लपून बसते. आता आम्ही नव्या पद्धतीनं फोटो काढतो. यात वाहतं रक्त काळं दिसतं. रक्तवाहिन्या विझतात, गाठ तेवढी उजळ राहते."

दामिनीच्या अंगावर सर्रकन काटा आला. "म्हणजे सर, जत्रेतले सगळे दिवे घालवायचे, की चोराच्या हातातली बॅटरी बरोबर दिसणार!"

सर हसले. "अगदी तसंच. पण साडेपाच मिनिटं डोकं तसूभरही हलता कामा नये."

"साडेपाच मिनिटं? आमची अक्का?" अप्पा म्हणाले. "मिलचे हमाल हसतील सर."

"बसवंता, तोंड मीट," आत्या म्हणाली. पंधरा दिवसांतलं तिचं हे सगळ्यात लांब वाक्य होतं.

घोडं अडलं ते दारात. मशीन चालवणाऱ्या बबिता मॅडमनी आत्याच्या गळ्यातल्या चांदीच्या डबीकडं बोट केलं. "मावशी, हे काढावं लागंल. आत लई ताकदीचं चुंबक हाय, धातूचं काही चालत न्हाई."

डबीत आत्याचं इष्टलिंग होतं, लिंगायत गळ्यात घालतात ते. लहानपणी दीक्षा झाली त्या दिवसापासून लातूरच्या स्कॅनपर्यंत ते अंगावरून उतरलेलं नव्हतं.

"लातूरला एकदा काढून दिलं," आत्या म्हणाली. "तवापासून मला झोप न्हाई. आता न्हाई देणार. चल बसवंता." आणि तिनं खरोखरच चपला शोधायला सुरुवात केली.

अप्पा हात जोडू लागले, बबिता मॅडम घड्याळ बघू लागल्या. दामिनीला मात्र लातूरची ती खोली आठवली. सोबतीला आत तीच बसली होती. ठकठक सुरू झाली आणि आत्याचा हात छातीकडं गेला. चाचपडला, काही सापडलं नाही, परत आला. पुन्हा गेला. दर वेळी खांदा उचलला जायचा, आणि खांद्याबरोबर मान.

"सर!" ती एवढ्या जोरात ओरडली की बाहेरच्या बाकावरची माणसं वळली. "फोटो का हलले ते मला कळलं! तिचा हात लिंग शोधत होता! डबी चांदीची आहे, पण लिंग दगडाचं आहे. ते हातात राहू दिलं तर?"

सरांनी भुवया उंचावल्या. मग बबिता मॅडमना छोटं चुंबक आणायला सांगितलं. दुसऱ्या कुणाचा हात लागू नये म्हणून आत्यानं स्वतः डबी उघडली. गुळगुळीत काळं लिंग पांढऱ्या सुती रुमालावर ठेवलं. मॅडमनी चारी बाजूंनी दोन-दोनदा चुंबक फिरवलं. काही ओढलं गेलं नाही.

"डोक्यापासून लांब राहील. डाव्या तळहातावर, कापडात बांधून," सर शेवटी म्हणाले. "उजव्या हातात आम्हाला बोलवायची घंटी."

काचेपलीकडं आत्या मशीनमध्ये सरकली. हातोडे पडल्यासारखा आवाज सुरू झाला. आत्या हलली नाही. रोज पहाटे तळहातावर लिंग घेऊन, नजर लावून ती अशीच बसायची. दामिनी दप्तर शोधत तिच्या पुढ्यातून दहादा जायची, आणि आज पहिल्यांदा तिला दिसलं की आत्याला काय येतं.

"सर," बबिता मॅडम कुजबुजल्या, "बाई श्वास घ्यायल्यात ना?"

"घेतायत. बघत राहा."

पडद्यावर आधी नेहमीचे फोटो आले. एकेक मिलिमीटरचे पातळ काप, त्यांत चमकणारं रक्तवाहिन्यांचं जाळं. दामिनीचं तोंड उघडंच राहिलं. हे सगळं आत्याच्या अंबाड्याखाली होतं? मग नव्या पद्धतीचे फोटो आले, आणि अख्खं जाळं विझलं. काळोख झाला. डावीकडचा ठिपका त्याबरोबर गेला. तो रक्तवाहिनीच होता!

उजवीकडचा राहिला.

तिळाएवढा. धारदार कडेचा. दामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तरी तिला नजर काढवेना. माणसांनी हे शोधून काढलं होतं. एवढंसं दिसावं म्हणून रक्त काळं करायला शिकली होती माणसं!

आत्या गळ्यातली डबी सारखी करत बाहेर आली. "दावा मला."

"अक्का, नको," अप्पा म्हणाले.

"डोकं कुणाचं हाय?" ती पडद्यापुढं वाकली. "अगं बाई! आत एवढं सगळं हाय?"

"मला वाटलं मोकळंच असंल," अप्पा पुटपुटले. त्यांचा आवाज ओला झाला होता.

सरांनी बोट ठेवलं. "हा एक. पसरलेला आहे, खोटं सांगत नाही. पण एकच आहे, तीन मिलिमीटर. एवढ्यावर नेम धरून किरणं देता येतात, सगळ्या डोक्याला द्यायला नकोत."

आत्या त्या तिळाजवळ आणखी वाकली. "न दुखता, न सांगता बसला होता मेला." मग तिनं पदर खोचला. "किरणं कधी?"

"मंगळवारी जमवू."

"जमवा. बसवंता, मंगळवारची तुरीची गाडी तू बघ. अन् वजन दोनदा कर, मागच्या खेपेला फसलास."

आवाज परत आला होता. अप्पा हसत हसत डोळे पुसायला बाहेर पळाले.

"सर, पहिल्यापासून एकदा बघू?" दामिनीनं विचारलं. सरांनी माउस तिच्याकडं सरकवला. कवटीपासून ती खाली उतरू लागली. घड्या, दऱ्या, वळणं. एकेक काप बोटाखालून जात होता. घाईत दहा काप एकदम पळाले.

मागून आत्याचा हात तिच्या खांद्यावर आला.

"सावकाश, पोरी. माझं डोकं हाय ते."