कॅसेटवरचं क्लॅरिओनेट

"कॅसेटच वाजणार, तर मग आमी काय करायचं?" मुन्नानं विचारलं.

टीव्हीचा माणूस समजुतीनं म्हणाला, "काल तुम्हीच वाजवलंय ते. मैदानावर वारा आहे, आवाज फाटतो. तुम्ही फक्त वाजवल्यासारखं करा."

२००२ सालची गोष्ट. कळमनुरीची बँड पार्टी औरंगाबादला एका मोठ्या सोहळ्यासाठी आली होती, आणि तो सोहळा टीव्हीवर दिसणार होता. बँडचे मालक गुलाबचंद मागं वळले. "सुदाम, पेटीतलं दुसरं क्लॅरिओनेट घे. दोघं दिसले म्हंजे भरल्यावाणी वाटंल."

सुदामच्या हातातली झांज तशीच राहिली. पंचवीस वर्षं तो क्लॅरिओनेट वाजवत होता. त्याच्या सुराशिवाय नवरदेव घोड्यावर बसत नसे. पण तीन वर्षांपूर्वी पुढचे दात गेले, कवळीवर फुंकर टिकेना, आणि तो झांजेवर आला. त्याच्या जागी मुन्ना उभा राहिला.

"मामा, हे खोटं हाय," मुन्ना म्हणाला. "फुंकलं म्या, अन् लोकायनं तुमाला पाहायचं?"

"खोटंच हाय," सुदाम म्हणाला. "पर असं उभं राहायला मला पुन्हा कवा भेटंल?"

मुन्नानं पेटीतलं दुसरं क्लॅरिओनेट काढून त्याच्या हातात दिलं.

कॅसेट सुरू झाली. कॅमेरा जवळ आला तसा मुन्ना बावरला, त्याची बोटं चुकू लागली. आपलाच सूर त्याला सापडेना. त्यानं शेजारी पाहिलं. सुदामची बोटं एकेका सुरावर नेमकी पडत होती. त्यांच्याकडं बघत बघत मुन्ना पुन्हा वळणावर आला.

पुढच्या रविवारी गुलाबचंदांच्या ओसरीवर सगळी गल्ली टीव्हीसमोर बसली. "सुदामभाऊ, हात अजून तसाच हाय," कुणीतरी म्हणालं.

"वाजवलं मुन्नानं," सुदाम म्हणाला. "कॅसेट चालू होती. म्या नुसती बोटं हालवली."

गुलाबचंदांचं तोंड उतरलं. "काहून सांगायचं? लगीनसराई तोंडावर आली."

घरी त्याची बायको रुख्मिणीबाईही तेच म्हणाली. "न्हाई सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"त्याच्या दमावर मी शाबासकी कशी घेऊ?" एवढं बोलून सुदाम आडवा झाला.

दोन दिवसांनी सकाळी मुन्ना आपलं क्लॅरिओनेट घेऊन दारात आला.

"मामा, अंतऱ्यात तुमची बोटं निराळी पडून राहिली होती. टीव्हीत नीट दिसलं. माझा सूर तिथंच कच्चा राहतो. दाखवा."

"फुंकल्याबिगर कसं दाखवू लेका?"

"फुंकतो मी. तुमी बोटं ठेवा."

सुदाम ओट्यावर त्याच्या मागं बसला आणि दोन्ही बाजूंनी हात पुढं घातले. मुन्नानं छाती भरून घेतली. पहिला सूर फाटला. दुसरा लागला, आणि लागलेलाच राहिला.

आत रुख्मिणीबाईनं तवा चुलीवरून खाली उतरवला आणि ती दाराशी येऊन उभी राहिली.