घाडीआय

मुलुंडच्या कॉलेजातून फोन आला तेव्हा कुंडलिक घाडी घाटकोपरच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात मटार सोलत बसले होते. त्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकोणतीस वर्षं अटेंडंट म्हणून काढली, पण निवृत्तीनंतरच्या बारा वर्षांत तिथल्या कुणी त्यांची साधी चौकशी केली नव्हती.

"मी अनुपमा गुप्ते, प्राणिशास्त्र शिकवते," पलीकडची बाई म्हणाली. "संग्रहालयातल्या एका बाटलीवर तुमचं नाव आहे. मुलुंड, टेकडीखालचा ओहोळ, ऑगस्ट एक्क्याण्णव."

"देवगांडूळ," घाडीकाका लगेच म्हणाले.

लोक त्याला गांडूळ समजतात, नाहीतर सापाचं पिल्लू म्हणून ठेचतात. असतो तो बेडकाचा भाऊबंद. पाय नाहीत, डोळे असून नसल्यासारखे, सगळा जन्म ओल्या मातीखाली. काकांनी ते आणलं तेव्हा त्या वेळच्या सरांनी "ठेव कपाटात" म्हणून मान फिरवली होती. पुढे बाटलीतला द्रव कमी झाला की भर घालायचे ते काकाच. दुसरं कुणी त्या कपाटाकडे जात नव्हतं.

"ते कापायचं नाहीये मला," अनुपमा म्हणाली. "एकुलतं एक आहे. सीटी स्कॅन करणार आहे. याल का बघायला?"

हॉस्पिटलच्या मशीनला एवढीशी कवटी नीट दिसत नाही. म्हणून अनुपमाने अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतली एक कंपनी गाठली. तिथलं यंत्र धातूच्या सुट्या भागांतल्या केसाएवढ्या भेगा शोधायचं. शनिवारी दुपारी काम थंडावल्यावर त्यांनी दोन तास दिले. यंत्र चालवणाऱ्या सर्वेशने देवगांडूळ ओल्या कापसासकट प्लॅस्टिकच्या नळीत उभं केलं, दार लावलं आणि नळी आत हळूहळू फिरू लागली.

"काका, ह्याच्यात हाडं असतात?" त्याने विचारलं.

"तर! तुज्यापेक्षा जास्त मणके असतत."

दीड तासाने पडद्यावर कवटी उमटली. तांदळाच्या दोन दाण्यांएवढी असेल, पण पडद्यावर ती नारळाएवढी दिसत होती. जबड्यात दातांच्या दोन ओळी, सगळे मागे वळलेले. अनुपमाने ती फिरवली, चिरली, पुन्हा जोडली. बाटलीतल्या त्या मळकट दोरीच्या आत इतकं नाजूक काम असेल असं काकांना कधी वाटलं नव्हतं. अनुपमाने मात्र कवटी फिरवणं थांबवलं आणि ती पडद्याजवळ वाकली.

"काय झालां, मॅडम?"

"डोळ्यावर हे हाड असं आडवं यायला नको. सह्याद्रीतल्या कुठल्याच जातीत मी असं पाहिलेलं नाही." तिने वहीतली चित्रं तीनदा ताडून पाहिली. "काका, ही नवी जात असणार. तसं ठरलं तर नाव तुमचं देऊ, लॅटिन पद्धतीने शेवटी 'आय' लावून. घाडीआय."

"घाडीआय?" काकांना हसू आवरेना. "ह्यां तर आमच्या आयेचा नाव झाला!"

घरी येऊन त्यांनी नातीला, श्रुतिकाला, तो शब्द इंग्रजीत लिहायला लावला. दोन दिवसांत चाळीतल्या सगळ्यांना ठाऊक झालं की एका प्राण्याला घाडींचं नाव लागणार.

पण एका नमुन्यावर भागणार नव्हतं. जुन्या रसायनामुळे त्याचा डीएनए काढता येईना. जिवंत देवगांडूळ हवं होतं. जुलै लागला तशी दोघं मुलुंडच्या टेकडीखाली गेली. ओहोळ जिथे होता तिथे आता बावीस मजल्यांचे चार टॉवर होते. ओहोळाचं पाणी सिमेंटच्या बंद गटारातून जात होतं. वॉचमनने आधी हटकलं, मग काकांचं वय बघून कुंपणामागच्या चिंचोळ्या पट्टीत जाऊ दिलं. तिथे काकांनी खुरप्याने दगड उलटले, पालापाचोळा उकरला. माती कसली, नुसता बांधकामाचा भरावच होता. भांडुपकडच्या उतारावर शोधलं, नाल्याच्या काठाने शोधलं. तो पावसाळा गेला, दुसराही गेला. गांडुळं मिळाली, गोमी मिळाल्या, एकदा नानेटी सापाचं पिल्लू मिळालं.

दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात, चिखलाने भरलेले हात धुता धुता काका म्हणाले, "मॅडम, एक सांगायचा रवला. तेव्हा ती एकटी नव्हती. अंड्यांभोवती वेटोळा घालून बसली होती. मोत्यांसारखी पंधरा-वीस अंडी. मी तिला तेवढी उचलली."

"आणि अंडी?"

"तशीच ठेवली. मला काय ठाऊक?"

आई नसली की ती अंडी बुरशी लागून सडतात, हे अनुपमाला माहीत होतं. ती म्हणाली, "तेव्हा तिथे अशा पुष्कळ असतील, काका." आपल्याला बरं वाटावं म्हणून ती असं बोलते आहे हे काकांच्या लक्षात आलं. त्यांनी खुरपं धुतलं आणि पिशवीत टाकलं.

शेवटी त्या एका नमुन्यावर आणि स्कॅनवर अनुपमाने शोधनिबंध लिहिला. परदेशी मासिकाने तो ठेवून घेतला, फक्त कळवलं की नमुना आमच्या तज्ज्ञाला प्रत्यक्ष पाहायचा आहे.

मे महिन्यातल्या एका सकाळी ती न कळवता घाटकोपरला आली. सूनबाईने दिलेलं सरबत तिने हातातच धरून ठेवलं.

"सुट्टीत संग्रहालयाची खोली रिकामी केली, काका. तिथे नवा वर्ग होतोय. प्राचार्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. एजन्सीची माणसं आली, बाटल्या मोरीत ओतल्या आणि आतलं सगळं कचऱ्याच्या गाडीत गेलं."

"सगळां?"

"सगळं. मी डम्पिंग ग्राउंडवर जाऊन आले. आत सोडलं नाही, आणि सोडलं असतं तरी..." तिने सरबताचा ग्लास टेबलावर ठेवला.

काका खुर्ची ओढून पुढे सरकले. "पण तो फोटो आसा ना? हाडांचा?"

"आहे. पण नुसत्या स्कॅनवर नाव द्यायला मासिकवाले तयार नाहीत. वस्तूच नाही तर पडताळणार कशाशी? निबंध परत आलाय."

"दुसरा मिळाला तर?"

 विचारतानाच काकांना उत्तर माहीत होतं. अनुपमाने बॅगेतून एक कागद काढला. त्यावर कवटी छापली होती, करडी, स्वच्छ, एकेक दात मोजता येईल अशी. खाली ओळ होती, 'अनोळखी, मुलुंड'. काकांनी तो चष्मा लावून पाहिला आणि परत तिच्या हातात दिला.

"तुमच्याकडेच ठेवा, मॅडम. हय माका तां बघवूचा नाय."

ती गेल्यावर सूनबाईने विचारलं, "काय म्हणत होत्या?"

"काय नाय. कॉलेजचा काम."

जूनमध्ये अनुपमाची दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात नेमणूक झाली. जाण्याआधी तिने दोनदा फोन केला. काका घरातच होते, पण त्यांनी उचलला नाही. श्रुतिकाच्या मैत्रिणी अधूनमधून विचारायच्या, तुझ्या आजोबांच्या नावाचा प्राणी कुठे बघायला मिळेल म्हणून. ती आजोबांकडे बघायची. ते म्हणायचे, "खय नाय." आणि उठून गॅलरीत जायचे.