केझायाचे हुंकार

मेम्फिसच्या त्या शाळेत उपमुख्याध्यापिका ओडेसा प्रुइट यांच्या टेबलावर मंगळवारी दुपारी तक्रारीचा एक कागद आला. केझाया ब्रॉडनॅक्स, आठवी. वर्गात मुद्दाम अडथळा. वर्षातला तिसरा कागद, म्हणजे दहा दिवस घरी आणि आवारात पाऊल ठेवायला बंदी. विज्ञान शाळेची प्रवेशपरीक्षा शनिवारी त्याच आवारात होती, आणि केझायानं वर्षभर दुसऱ्या कशाचा ध्यास घेतला नव्हता.

कागद लिहिणारे लिंडक्विस्टसर गोरे, पंचविशीतले, मनानं सरळ. "मी गुलामांच्या सुटकेचा धडा वाचत होतो, मॅडम. ही प्रत्येक वाक्याला 'हं, सांगा!', 'खरंय सर, खरंय!' मग सगळा वर्गच सुरू. सरळ टिंगल होती माझी."

टिंगल कसली! काळ्या वस्तीच्या चर्चमध्ये पास्टरला असे हुंकार मिळाले नाहीत, तर तो घरी जाऊन जेवत नाही. ओडेसाबाई त्याच बाकांवर वाढलेल्या, केझायाही तिथलीच. 'सर, पोरीनं तुम्हाला दाद दिली', एवढंच सांगायचं होतं. पण मागच्या वर्षी त्यांनी एका काळ्या पोराचा कागद फाडला होता, तेव्हा स्टाफरूममध्ये कुजबूज झाली, 'आपल्यांना पाठीशी घालते.' तेव्हापासून निःपक्षपाती दिसायचं भूत त्यांच्या मानगुटीवर बसलं होतं. गेल्याच आठवड्यात एका गोऱ्या पोरानं स्टूल भिरकावलं, त्याच्या आईला नुसता फोन गेला. त्याचा कागद कुणी लिहिलाच नव्हता, मग बाईंपुढे येणार कुठून?

"मॅम, सर इतकं छान वाचत होते!" केझाया म्हणाली. "मी साथ देत होते."

"वर्ग म्हणजे चर्च नाही," बाई म्हणाल्या आणि सही केली.

संध्याकाळी तिचा बाप क्लियोफस आला. बसगाड्या दुरुस्त करणारा माणूस, हातावरचं ग्रीससुद्धा नीट निघालं नव्हतं.

"मिस ओडेसा, त्या सरांना कळलं नाही, ते मी समजू शकतो. तुम्हाला तर कळत होतं ना?"

"नियम सगळ्यांना सारखा, क्लियोफस."

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!" तो उठला आणि टोपी घालून निघून गेला.

शिक्षा मागे घ्यायचा अधिकार बाईंचाच होता. शुक्रवारी त्यांनी क्लियोफसला फोन लावायला घेतला, पण लोक काय म्हणतील या विचारानं खाली ठेवला. शनिवारी परीक्षा झाली. केझायाची खुर्ची रिकामी राहिली.

रविवारी पास्टर रंगात आले होते. चर्चभर हुंकार उठत होते, बाईंच्या तोंडूनही सवयीनं "सांगा, पास्टर!" निघून गेलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. दोन बाक पुढे केझाया पिवळ्या फ्रॉकमध्ये तोंड मिटून बसली होती.

पास्टर थांबले. "अरे, आज माझी केझाया कुठं गेली?"

लोक हसले. ती मान खाली घालून तशीच बसून राहिली.

प्रार्थना संपल्यावर बाईंनी तिला दारात गाठलं. "बाळा, माझं चुकलं गं. फार चुकलं."

"नाही मॅम," केझाया जमिनीकडे बघत अगदी अदबीनं म्हणाली. "मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये. आता मला जमतं."