रंगाच्या बादलीतला समुद्र

“दीदी, अम्मा को छाँव में बिठाओ. इस हवा में धूप का पता नहीं चलता,” पुरीच्या किनाऱ्यावरचा नारळवाला मंजिरीला तिच्या सासूकडे बोट दाखवत म्हणाला.

“हव भैया, बस दस मिनट,” असे म्हणून ती पाण्याकडे वळली. सहा वर्षांच्या अनुश्रीवरून तिची नजर हलत नव्हती. लेकीच्या दंडावर तिने पेनाने फोन नंबरसुद्धा लिहिला होता. मला हे ठाऊक आहे, कारण मी अनुश्रीच्याच हातात होते.

मित्रांनो, मी एक जुनी रंगाची बादली आहे. रायपूरच्या चौबे कॉलोनीत मी भिंतींचा पिवळा रंग घेऊन आले. रंग संपल्यावर पेंटर मला उचलून नेत होता. अनुश्रीच्या आजीने, मंदाकिनीबाईंनी, त्याला थांबवले. “चांगली बादली हाय, काहून देऊ?” एवढीच माझी स्तुती, पण मी ती विसरले नाही. पुढे मी फरशी पुसायला, कूलर भरायला उपयोगी पडले. कडी तुटली तेव्हा आजीने नायलॉनची दोरी बांधली. मग नवीन पोछा-बादली आली आणि मी गच्चीवर पालथी पडले.

पुरीला निघताना वाळूच्या खेळण्यांना बॅगेत जागा उरली नाही. आजीने मला धुतले आणि माझ्यात चिवड्याचा डबा ठेवला. “चिवडा बी जाते, अन् पोट्टी खेळते बी.”

किनाऱ्यावर मला उसंत मिळाली नाही. ओली वाळू दाबून भरायची, मला पालथी घालायची, की बुरूज तयार. खड्डा खणत गेले, की खालून आपोआप पाणी वर यायचे. अनुश्रीच्या बाबांना, ऋषिकेशला, कमरेपर्यंत वाळूत पुरले, तेव्हा मंजिरीही पोट धरून हसली.

आजी मात्र लांब, बॅगा आणि चपलांपाशी बसली होती. “तुम्ही जा. चपला कोण पाहीन?” ती म्हणाली होती. समुद्र तिनेही पहिल्यांदाच पाहिला होता. दहा मिनिटांचा दीड तास झाला.

“आजीने तो पानी छुआ ही नहीं,” अनुश्रीला एकदम आठवले. तिने माझ्यात चार बोटे समुद्र घेतला आणि सांडत सांडत निघाली. मंजिरी मागोमाग होतीच.

आजी बॅगेवर कलंडली होती. डोळे अर्धवट मिटलेले.

“मम्मी, आजी बोल नहीं रही.”

मंजिरीच्या हाकेने ऋषिकेश धावला. त्याने आणि नारळवाल्याने आजीला सावलीत नेले. मंजिरीने ओढणी माझ्या पाण्यात बुडवून तिच्या कपाळावर, मानेवर ठेवली. पुन्हा बुडवली, पुन्हा ठेवली. बऱ्याच वेळाने आजीने डोळे उघडले, नारळपाण्याचा घोट घेतला आणि विचारले, “चपला हायेत ना?”

मंजिरीने नारळ पुन्हा तिच्या ओठांशी धरला.

डॉक्टरांनी तपासून विश्रांती घ्यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर मंजिरीने सगळ्यांच्या चपला माझ्यात भरल्या आणि मला लाटांच्या काठावर आणून ठेवले. मग सासूचा हात धरून ती पाण्यात उभी राहिली. लाट मागे गेली, तशी आजी म्हणाली, “अवं मंजिरी, पायाखालची जमीन पळून राहिली.”

आता मी पुन्हा गच्चीवर आहे. काठात थोडी वाळू अडकली आहे, ती राहू दे. मित्रांनो, खेळायला गेलात, की मधेच एकदा मागे वळून बघा. सामानापाशी कोण बसले आहे? लांबून हात हलवू नका. जवळ जा, आणि पाणी प्यायले का, ते विचारा.