फळ्यावरचे एकोणीस

मित्रांनो, मी तुमच्यापासून दूर, समुद्रापारच्या एका बेटावर, मालुबाग गावच्या शाळेत दुसरीच्या भिंतीवर टांगलेला जुना फळा आहे. आपली कहाणी सांगताना सगळे गोड बोलतात म्हणे. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. इतकी वर्षे मी बेरीज-वजाबाकी शिकवतो आहे आणि गावातल्या मोठ्या माणसांना ती अजून येत नाही, याचा मला अगदी वैताग आला आहे.

माझा जन्म साधाच. वादळात पडलेल्या झाडाच्या फळ्या गावच्या सुताराने रंधा मारून जोडल्या. दर जूनमध्ये पोरे रताळ्याचा पाला आणि करवंटीचा कोळसा वाटून माझ्या अंगाला चोळायची. मग दुसरीच्या फानीबाई कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, “बघा, नवरदेव कसा दिसतोय!” असे कौतुक माझे पुन्हा कोणी केले नाही.

दर तीन वर्षांनी मे महिन्यात, ऐन सुट्टीत, माझी झोप मोडायची. देशाच्या सिनेटची निवडणूक! आमच्याकडे मतदान शाळेत होते आणि मते मोजतात शाळेतलेच शिक्षक. तेव्हा यंत्रे नव्हती. मतदाराने कागदावर बारा जणांची नावे आपल्या हाताने लिहायची. मोजणीचा सरकारी तक्ता आमच्या बेटावर निवडणूक आटोपल्यावर पोहोचे, म्हणून रेघा माझ्याच अंगावर. देल्फिन सर एकेक मतपत्रिका मोठ्याने वाचायचे आणि फानीबाई खडूने रेघ ओढायच्या. चार उभ्या, पाचवी त्यांच्यावर आडवी.

“तोतोय,” सर वाचायचे.

“अहो, कुठला तोतोय? तीन तोतोय उभे आहेत!”

“मला काय ठाऊक? नुसतं तोतोय लिहिलंय. आणि पुढचं नाव सुलतान. हा सुलतान कोण?”

“आपल्या गावातल्या बिएनचा झुंजीतला कोंबडा, सर. परवाच जिंकलाय.”

“मग या सगळ्यांपेक्षा तोच बरा!”

बाई माझ्यावर पक्षवार रकाने आखत: माडवाले, होडीवाले, अपक्ष. आखून हात झटकतात न झटकतात तोच रेडिओ सांगे की अमुक साहेब होडीतून उतरून माडावर चढले. पुसा, पुन्हा आखा. माझी कातडी सोलून निघायची. खिडकीबाहेर बालिंबिंगचे झाड होते. तुम्ही त्या फळाला कमरख म्हणता. कुठूनही पाहा, ते तुमच्याकडेच तोंड करून बसलेले दिसते. म्हणून पक्ष बदलणाऱ्याला आमच्याकडे बालिंबिंग म्हणतात. बिचाऱ्या फळाने कधी कोणाकडे मत मागितले नव्हते.

आता त्या वर्षाचे सांगतो. माडवाल्यांचा सालबान्ते नावाचा उमेदवार होता. त्याने आमच्या ओढ्यावर पूल बांधायचे वचन तीन निवडणुकांत दिले होते आणि खांब एकही रोवला नव्हता. गावातल्या एकशे सत्त्याऐंशी जणांनी मत दिले. सकाळी मोजणी संपली तेव्हा सालबान्तेच्या नावापुढे एकोणीस रेघा होत्या.

गावचे प्रमुख कापितान गोर्गोनियो माडवाले. ते ताटभर पान्सित घेऊन आले, शेवयांवर लिंबूसुद्धा पिळलेले.

“बाई, खाऊन घ्या. रात्रभर उभ्या आहात. आणि कागदावर लिहाल तेव्हा त्या एकोणिसाच्या आधी एकाचा आकडा टाका. एक काडी नुसती. तुमचं काय जातंय?”

“मग ते एकशे एकोणीस होतात, कापितान. दुसरीतलं पोरगंही सांगेल.”

“दुसरीतल्या पोराला विचारतंय कोण?” कापितान ताटावरची माशी हाकलत म्हणाले. “तुमची आई अंथरुणाला खिळलेली. घर शाळेला लागून, म्हणून मधल्या सुट्टीत तिला भरवून येता. बदलीचे कागद महापौरांच्या टेबलावरून जातात, एवढंच सांगतो.”

बाईंचा हात माझ्यावर टेकलेला होता. त्याच हाताच्या बोटाने त्यांनी सालबान्तेच्या रेघा पुन्हा एकदा मोजल्या. मग त्यांनी कागद ओढला, एकोणीस लिहिले, अक्षरातही लिहिले, खाली सही केली.

“पान्सित गार झालं, कापितान. घेऊन जा.”

तीन दिवसांनी चर्चच्या भिंतीवर निकालाचा कागद लागला. आमच्या केंद्रावर सालबान्तेला एकशे एकोणीस मते! वाटेत कुठेतरी एकाची काडी उगवली होती आणि होडीवाल्यांची बरोबर शंभर मते गळाली होती. या चोरीला आमच्या देशात नावच आहे, ‘बेरीज-वजाबाकी’. माझा विषय, मित्रांनो! माझ्या विषयाचे नाव चोरीला द्यायला यांना लाज कशी वाटली नाही?

बाईंनी वर्गाचे दार सताड उघडले. “या,” त्या म्हणाल्या, “मोजा.” गाव आले. बिएन आला, पाववाली आली, कोळी आले. बोट लावून सगळ्यांनी मोजले. “एकोणीसच की!” बाईंनी तक्रारीचा कागद सहीसाठी पुढे केला तशी सगळ्यांनी मुगाची मूठ तोंडात कोंबली.

“माझा पोरगा कापितानच्या मासेमारीच्या होडीवर कामाला आहे, बाई,” बिएन पुटपुटला.

ज्यांनी एकेक नाव स्वतः वाचले ते देल्फिन सर खिसे चाचपत म्हणाले, “पेनच आणलं नाही मी.”

खडूच्या पाटीत शंभर खडू पडलेले होते! मला वाचा असती तर त्या दिवशी मी सगळ्यांना अंगठे धरून उभे केले असते.

रेडिओवर पक्षवार निकाल लागला. माडवाले सात, होडीवाले चार, अपक्ष एक. सालबान्ते निवडून आला. दोन महिन्यांत होडीतले तिघे माडावर चढले, म्हणजे तोही निकाल पुसून पुन्हा आखायचा!

त्याआधीच, त्याच जूनमध्ये, बाईंच्या बदलीचा हुकूम आला. दोन बोटी बदलून जावे लागते अशा बेटावर. निघायच्या सकाळी त्या एकट्याच वर्गात आल्या, हातात कर्कटक. एकोणीस रेघांपैकी एकेक रेघ त्यांनी टोकाने माझ्यात कोरली. लाकडालाही लागते, मित्रांनो. पण मी हूं की चूं केले नाही. मग त्यांच्या आईला खाटेसकट बोटीत चढवले. किनाऱ्यावर गाव उभे होते आणि जो तो आपल्या पायांकडे बघत होता.

त्यानंतर मला कोळसा कोणी चोळला नाही. माझा रंग उडाला, एक खिळा निखळला. कोरलेल्या रेघांत खडू अडतो म्हणून नव्या बाई मला शिव्या घालतात. पोरे मात्र त्या रेघांवर बोट फिरवून पाच-पाचाने मोजायला शिकली.

परवा कापितान गोर्गोनियो पुन्हा आले. केस पिकले आहेत. हातात हिरव्या रंगाचा डबा, सदऱ्यावर होडीचे चिन्ह, कारण सालबान्ते आता होडीत बसला आहे. “फळा रंगवून देतो. कोपऱ्यात साहेबांचं नाव टाकू,” ते नव्या बाईंना म्हणाले. त्यांची नात लिलेट दुसरीत आहे. ती माझ्यासमोर टाचा उंचावून उभी होती.

“काय मोजतेस गं?”

“रेघा, लोलो. पाच, दहा, पंधरा, एकोणीस!”

“एकशे एकोणीस असतील,” कापितान हसले. लोलोंची, म्हणजे आजोबांची, गंमत.

लिलेट हसली नाही. तिने पहिल्यापासून पुन्हा मोजले.

“नाही लोलो, एकोणीसच आहेत. या, तुम्ही मोजा.”

तिने आजोबांचे बोट धरून पहिल्या रेघेवर ठेवले. ते बोट तिथेच राहिले. दुसऱ्या रेघेवर काही गेले नाही.

मित्रांनो, मला हिरवा रंग द्या, नाहीतर चुलीत घाला, माझे काही म्हणणे नाही. पण एवढे ध्यानात ठेवा. लिलेटने मोजले आणि जे निघाले ते मोठ्याने सांगितले. फानीबाईंच्या गावाने त्या दिवशी एवढेच करायचे होते.