मागच्या बाकावरचे दोघे

सुरक्षा व्यवस्थापकांच्या नव्या तुकडीला शिकवायचं बोलावणं नानांना आलं आणि वर्ग नेमका तोच निघाला. पन्नाशी उलटल्यावर ते इथंच विद्यार्थी म्हणून बसले होते. पंखा अजून तसाच कुरकुरत होता, बाकं मात्र नवीन आली होती. नाना दारातच थबकले.

मागच्या कोपऱ्यात ते आणि त्यांचा दोस्त बॅटरी बसायचे. जाड भिंगाचा चष्मा, म्हणून बॅटरी. दोघंही सैन्यातून निवृत्त होऊन लष्करी खरेदी खात्यात सुरक्षा सांभाळायला आलेले. फाटक, पास, कुंपण यांत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग एक दिवस वरून हुकूम आला: विकत घ्यायच्या यंत्रांमधल्या सॉफ्टवेअरचा धोकाही आता तुम्हीच बघायचा, आधी शिकून या.

शिकवणाऱ्या मॅडम नानांच्या लेकीच्या वयाच्या. पहिल्याच तासाला बॅटरी कुजबुजला, "नाना, काही डोक्यात शिरतंय का?"

"छे! पण मान हलवत राहा, नाहीतर मॅडम उभं करतील."

मॅडमनी उभं केलंच. "वायरलेस संच कोण बनवतं?"

"कंपनी," बॅटरी म्हणाला.

"कंपनीला सुटे भाग कोण देतं? त्यातलं सॉफ्टवेअर कुणी लिहिलं? दुरुस्तीच्या नावाखाली बाहेरून त्यात कोण शिरू शकतं? हे सगळं करारावर सही व्हायच्या आधी विचारायचं. माल दारात आल्यावर विचारून काय उपयोग?"

दोघांनी निमूट वह्या उघडल्या. पण हळूहळू गोडी लागली. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडून ते एकमेकांची उजळणी घेऊ लागले. बॅटरीनं तर घरी आलेल्या नव्या वॉशिंग मशीनची इतकी उलटतपासणी केली, की दुकानदारानं बॅटरीच्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब बरे आहेत ना?" हसून हसून नानांना ठसका लागला होता. शाळेतही इतकी मजा आली नव्हती.

पुढं बॅटरी खातं सोडून एका पुरवठादार कंपनीत गेला. काही वर्षांनी एका सकाळी तो नानांच्या टेबलासमोर येऊन बसला, कंपनीच्या वायरलेस संचांचा प्रस्ताव घेऊन. सगळं चोख होतं. फक्त एका भागाचं सॉफ्टवेअर कुणी लिहिलं, तेवढं कंपनी सांगत नव्हती.

"आहे रे बाहेरचा कुणीतरी. आमची माणसं ओळखतात त्याला."

"तू ओळखतोस?"

"नाना, मी सांगतोय ना! माझ्यावर भरवसा नाही?"

नानांनी प्रस्ताव मिटून त्याच्यापुढं सरकवला. "तुझ्यावर आहे. पण हे संच उद्या पोरांच्या पाठीवर जाणार. माहिती मिळेपर्यंत मी होकार देणार नाही."

बॅटरी उठला. समोरचा चहा तसाच राहिला.

मग फोन नाही, निरोप नाही. नाना घरी उगाचच चिडचिड करायचे. बायको म्हणाली, "तुम्हीच करा की फोन."

"काम त्याच्याकडे अडलंय. मी काय बोलू?"

शेवटी बॅटरी आला तो थेट घरी. चपला काढता काढताच म्हणाला, "आमच्या लोकांच्या मी हात धुऊन मागं लागलो. तपासणी करायला लावली. त्या बाहेरच्या माणसानं लांबून दुरुस्ती करण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये एक वाट ठेवली होती, ती बंदच केली नव्हती. कुणालाही आत शिरता आलं असतं."

नानांनी त्याच्यासाठी खुर्ची पुढं ओढली.

"ती बंद करून घेतली. नवा प्रस्ताव दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाईल असं बघ. तुला अवघड नको."

"राग गेला?"

"आला होता, खोटं कशाला बोलू? पण वहिनी, जेवायला वाढणार असाल तर जाईल."

त्या दुपारी दोघं जेवणावर इतके बोलत बसले, की ताटं वाळली.

नानांनी हा सगळा किस्सा नव्या तुकडीला सांगितला. पुढच्या रांगेतली एक अधिकारी म्हणाली, "सर, ते आता कुठं असतात?"

"लेकीकडे, फार लांब. दर रविवारी तो फोन करतो. गुडघ्यांचं गाऱ्हाणं झालं की विचारतो, हल्ली काय नवीन शिकवतात रे?" नाना खडू उगाचच बोटांत फिरवत राहिले. "आज रविवार नाही, पण जेवणाच्या सुट्टीत मीच लावतो फोन. तुम्ही काय काय विचारलंत ते ऐकायला त्याला आवडेल. तेव्हा विचारा, बिनधास्त विचारा."